हातभर भिंत

आम्ही आत आलो तेव्हा सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. बायको वजनकाट्यावर उभी राहिली, टेक्निशियनने आकडा वाचला, तिने "काटा खोटा आहे तुझा" असं त्याला सुनावलं आणि तोही नेहमीसारखा हसला. मग ती आपल्या खुर्चीत मागे टेकली, समोर पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, चक्कर आली. मी घाईघाईने पाण्याची बाटली पुढे केली. तिला पाणी घोट-घोट मोजून प्यायचं असतं, हेही मी त्या क्षणी विसरलो. तिने बाटलीकडे बघितलंदेखील नाही. "अहो, कुठे गेली?" एवढंच म्हणाली. मी पिशवी चाचपली. चष्म्याची डबी होती, शाल होती, बिस्किटांचा पुडा होता. "सगळं आहे गं," मी म्हणालो. मग मी तिची नजर जात होती तिकडे पाहिलं. समोरची भिंत पांढरी झाली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पांढरी. पाण्याच्या यंत्राचा कोनाडा सोडला तर कुठेही डोळा अडत नव्हता. तेवढ्यात सिस्टर हातमोजे चढवत आमच्याकडे आल्या आणि मोठ्या आपुलकीने म्हणाल्या, "काका, झालं ना तुमचं काम? रंग देण्याआधी गवंड्याकडून मुद्दाम लिंपून घेतलं. आता काकूंना समोर कसं छान वाटेल." मी "थँक्यू" म्हणालो.

हा हॉल मुळात ज्यू लोकांचं प्रार्थनाघर होता, सिनेगॉग. इथे येणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. ठाऊक असतं, पण त्याचा उपयोग नसतो. फाटकावर डायलिसिस करणाऱ्या संस्थेची पाटी आहे, पाटीवर मूत्रपिंडांच्या जोडीचं लाल चित्र आहे. आत दोन्ही बाजूंना खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशेजारी उंच मशीन, आणि मशीनच्या पोटात गोल फिरणारी चाकं, ज्यांतून माणसाचं रक्त बाहेर पडून, धुतलं जाऊन परत येतं. वर बायकांनी बसायची माडी होती, तिच्यावर आता द्रावणाचे निळे कॅन रचून ठेवतात. समोरच्या भिंतीत एक मोठा कमानदार कोनाडा आहे. तिथे पूर्वी धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट असे. आता पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलंय, ते दिवसभर घुमत असतं. जागा तशी चुकलेली नाही, असं माझ्या मनात एकदा येऊन गेलं होतं, आणि लगेच असं मनात आल्याची लाजही वाटली होती. या कोनाड्याच्या डाव्या हाताला, दारातून येणाऱ्याच्या थेट समोर पडेल असा, भिंतीचा एक तुकडा न लिंपलेला होता. हातभर लांब, हातभर रुंद. विटा उघड्या, त्यांच्यामधला चुना काळपट पडलेला. त्या लोकांत रीतच होती तशी. घर बांधलं की दारासमोरच्या भिंतीचा एवढा तुकडा गिलाव्याशिवाय ठेवायचा. फार पूर्वी त्यांचं मुख्य देवालय शत्रूने पाडलं होतं, त्याची आठवण म्हणून. म्हणजे आपलं घर कितीही चांगलं झालं तरी ते पुरं झालं असं कुणी म्हणू नये. कधी कधी प्रार्थनाघरातही ठेवत. इथे ठेवला होता. मग महायुद्धातल्या एका हिवाळ्यात त्या लोकांना गाड्यांत घालून नेलं, ते परत आले नाहीत, आणि हॉल रिकामा झाला. पुढे इथे मिठाच्या गोण्या भरल्या, मग जुन्या फर्निचरचं दुकान झालं, मग व्यायामशाळा, मग हे. एवढ्या जणांच्या हातून तो तुकडा कसा वाचला याचं मला नवल वाटायचं. बहुतेक प्रत्येकाला वाटलं असणार, हे मागच्याचं राहिलेलं काम आहे, पुढचा करील.

टेक्निशियनने सुया टोचल्या. तिच्या डाव्या हाताची शीर आता दोरखंडासारखी फुगली आहे, हात लावला तर आतून मांजर गुरगुरल्यासारखं जाणवतं. पूर्वी सुई जाताना ती माझा अंगठा धरायची. हल्ली धरत नाही, कारण मीच डोळे मिटतो आणि तिला त्याचं हसू येतं. आज मी डोळे मिटले नाहीत, पण तिने पाहिलं नाही. नळीतून लाल रेघ सरकत गेली, चाकं फिरायला लागली. याच वेळी ती दर फेरीला विचारते, "हं, आज कुठलं?" मी वाट पाहिली. तिने विचारलं नाही. ती पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली, आणि मी तिच्याकडे, आणि मला कळलं की ती आता विचारणार आहे ते वेगळंच असणार.

"तुम्ही सांगितलं होतंत ना सिस्टरना?"

"सांगितलं होतं. म्हणजे मी गेलो होतो, आणि त्यांना म्हटलं की ती भिंत—"

"अर्धं सांगितलंत."

ती हसली. ते हसू रागाचं असतं तर बरं झालं असतं.

जन्मभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांची वाक्यं पुरी केली, अडलेल्या क्रियापदांना बाहेर काढलं, हरवलेले पूर्णविराम जागच्या जागी बसवले. माझं स्वतःचं वाक्य मात्र तोंडातून धड बाहेर पडत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर घाई दिसली की उरलेलं मी गिळून टाकतो. घरी ते पुरं करायला बायको असते. बाहेर कुणी नसतं. रंगाच्या शिड्या व्हरांड्यात येऊन पडल्या तेव्हा तिनेच मला पाठवलं होतं, "जा, तेवढा तुकडा सोडा म्हणून सांगून या." मी घरी दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं. सिस्टरांच्या काचेच्या खोलीत शिरलो तेव्हा त्यांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात ट्रे. "बोला काका." मी म्हणालो, "ती समोरची भिंत आहे ना, त्यातला तो विटांचा तुकडा, तर हिचं सारखं तिकडे लक्ष जातं, आणि आता रंगाचं काम निघालंच आहे, तर तेवढं..." त्या म्हणाल्या, "कळलं. जाणारच की हो लक्ष, मलाही कधीपासून खुपतंय ते. बघते मी." मी आभार मानले. दारातच मला जाणवलं की काहीतरी उलटं झालंय. मी परत वळलो, तर कुणाचं तरी ब्लडप्रेशर उतरलं म्हणून त्या धावत गेल्या होत्या. मी पाण्याच्या यंत्रापाशी थोडा वेळ उभा राहिलो. यंत्र घुमत होतं. मग मी बायकोजवळ येऊन बसलो आणि "सांगितलं" म्हणालो. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं होतं, हे आता आठवतं. एवढ्या वर्षांत माझ्या "सांगितलं"चं वजन तिला नक्कीच कळायला लागलं असेल. मग ती स्वतः का नाही बोलली? मला शेवटची एक संधी द्यायची होती, की पुढे काय होतं ते बघायचं होतं?

या तुकड्याबद्दल मी तिलाही फार उशिरा सांगितलं. पहिले काही महिने ती नुसतीच त्याच्याकडे बघायची. चार तास दुसरं काय बघणार? एका विटेत तिला मान वळवलेला घोडा दिसायचा; ओल धरली की घोडा गाभण दिसतो म्हणायची. मला ते काय आहे ते माहीत होतं, पण माहीत असलेलं सांगितलं की आपण शहाणपणा दाखवतो असं होतं, म्हणून मी गप्प. शेवटी एकदा तीच म्हणाली, "एवढा खर्च केला, आणि हातभर गिलाव्याला पैसे उरले नाहीत होय यांच्याकडे?" तेव्हा मी सांगितलं. तिने मान वळवून पुन्हा त्या विटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मुद्दाम?" मी हो म्हणालो. "शहाणी माणसं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, सुईचा हात तसाच ठेवून, "या अख्ख्या हॉलमध्ये तेवढी एकच वस्तू आहे बघा, जिला बरं करायला कुणी धावत नाही." मला ते वाक्य आवडलं होतं. चांगलं वाक्य म्हणून आवडलं होतं. त्यात ती काय सांगते आहे, हे मी तपासलं नाही. आयुष्यभर तेच केलं. शब्द नीट आहेत ना एवढं पाहायचं, मजकूर लेखकाचा.

"आज कुठलं?" हे सुरू झालं ते त्या दिवसानंतर. आमच्या भागात अशी प्रार्थनाघरं पुष्कळ होती, जवळजवळ प्रत्येक बाजाराच्या गावी एक, आणि ती आता कशी आहेत ते बघत फिरण्याचा मला नाद आहे. सुट्टीच्या दिवशी बस धरायची, गावात उतरायचं, आणि चेहरे निरखत बसायचं की यातल्या कुणाला विचारायचा धीर होईल. पुष्कळदा धीर न होता मी परत आलो आहे. त्याचं पुस्तक करायचं असं मी म्हणत असतो. कुणी मागितलेलं नाही, आणि झालं तर कुणी वाचेल असंही नाही. बायको पूर्वी त्याला "तुमचं पडकं प्रकरण" म्हणायची. पण मशीनला जोडल्यावर तीच विचारायला लागली, आणि मी सांगायला लागलो. एका गावी त्याचं अग्निशमन केंद्र झालंय. तिथला जवान मोठ्या अभिमानाने म्हणाला की दार इतकं उंच आहे की बंब शिडीसकट आत जातो, जणू त्याच्यासाठीच बांधलंय. एका गावी सिनेमाचं थिएटर झालं होतं, बायकांच्या माडीवर बाल्कनी, तिकीट दीडपट. एका ठिकाणी बटाट्यांचं कोठार आहे. वर छत निळं, त्यावर सोनेरी ठिपक्यांच्या चांदण्या, आणि खाली अंधारात बटाट्यांना पांढरे कोंब फुटून ते उजेडाच्या बाजूला वळलेले. एका ठिकाणी पोहण्याचा तलाव. राखणदार म्हणाला, तिथे एकटं पोहायला कुणाला आवडत नाही, पण ते काही तसलं नाही, पाणी थंड असतं म्हणून. एका गावी तशा प्रार्थनाघरातच एक विधवा बाई राहत होती, तिने मला न विचारता चहा दिला आणि मी काही विचारलं नसतानाही दर थोड्या वेळाने म्हणत राहिली, "मी कुणाचं काही घेतलं नाही हो. मला हे नगरपालिकेने दिलंय." तिच्या स्वयंपाकाच्या ओट्यामागे कोनाड्याची कमान होती आणि कमानीत डबे ओळीने मांडले होते. त्या बाईचं ऐकून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बिचारी," ती म्हणाली. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, "सगळ्याच."

तेव्हा शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त बस कंडक्टर होते. ते पांघरुणातून ओरडायचे, "काका, जरा मोठ्याने. आम्हीही तिकीट काढलंय." बंबाची गोष्ट त्यांना फार आवडली. त्यांनी एकदा विचारलं, "या सगळ्यांत दवाखाना झालेलं किती?" मी म्हणालो, माझ्या माहितीत हा एकच. "म्हणजे आपली गाडी स्पेशल," ते म्हणाले. थंडी संपता संपता ते गेले. पुढच्या फेरीला आम्ही आलो तेव्हा त्यांच्या खुर्चीत एक बाई विणकाम करत बसली होती. चांगली बाई आहे, आम्हाला पाहून हसते. खुर्ची एक फेरीसुद्धा रिकामी राहिली नाही. राहणार कशी, बाहेर माणसं तिष्ठत असतात. हे मला कळत होतं, तरी त्या दिवशी मी सांगितलेली इमारत मला आता आठवत नाही. बायकोने त्या दिवशीही विचारलं होतं, एवढं आठवतं, आणि आवाज नेहमीचाच होता.

इमारती संपत आल्या तेव्हा मी त्या पुरवून सांगायला लागलो. एकाच इमारतीचे दोन भाग केले. बटाट्याचं कोठार पुन्हा सांगितलं, तिने ओळखलं, पण बोलली नाही. मनात कुठेतरी मी असं धरून चाललो होतो की इमारती आहेत तोवर ती येत राहील. आज वाटतं, हे कुणासाठी चाललं होतं? तिच्यासाठी, असं मी म्हणेन. पण मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी वाक्य संपेपर्यंत ऐकत होतं, आणि ते माणूस सुयांनी खुर्चीला जखडलेलं होतं. हा विचार मी केला आणि लगेच दुसरीकडे बघितलं, आणि दुसरीकडे ती भिंत होती.

"मला आता पुरे झालं," बायको म्हणाली.

मला वाटलं, आजच्यापुरतं म्हणते. "अजून दीड तास आहे. पाय आखडलेत का? टेक्निशियनला बोलावू?"

"पाय नाही हो. हे सगळंच."

"मी पुन्हा सांगतो त्यांना. गिलावा ओला आहे अजून, खरवडता येईल. मी स्वतः..."

"खरवडलेली भिंत परत तशी होते का कधी?" ती म्हणाली. "आणि भिंतीसाठी नाही म्हणत मी. तुम्ही ते स्वतःच्या अंगाला लावून घेऊ नका, आधीच सांगते. हे कधीपासून मनात आहे. मागच्या महिन्यात तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात ना, तेव्हा डॉक्टरांना विचारून घेतलं. बंद केलं तर काय होतं म्हणून."

"काय म्हणाले?"

"झोप येत जाते म्हणाले. आठवडा, दोन आठवडे. दुखायला लागलं तर औषध देतील. मला वाटलं होतं भांडतील. नाही भांडले."

"मला नाही सांगितलंस."

"तुमच्या अजून चार इमारती राहिल्या होत्या," ती म्हणाली. "म्हटलं, एवढ्या ऐकू. तिकडे बघत बघत ऐकायचं बरं वाटायचं. आता बघितलं आणि वाटलं, चला, तीही सबब गेली."

चाकं फिरत होती. विणकाम करणाऱ्या बाईने सुया खाली ठेवल्या होत्या आणि ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. मला काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने तिला थोपवलं असतं, रडला असता, हात जोडले असते. माझ्या डोक्यात मात्र आमचं कपाट आलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी आम्ही ते याच हॉलमधून विकत घेतलं होतं, तेव्हा इथे जुन्या फर्निचरचं दुकान होतं. छतापर्यंत कपाटं, पलंग, आरसे रचलेले, आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट. बायको त्या वाटेने पुढे गेली आणि मी मागे, आणि आरशांतून तिचे तुकडे तुकडे दिसत होते; कुठे खांदा, कुठे वेणी. तिने कपाटाचं दार उघडलं, आत वास घेतला, आणि "हे" म्हणाली. हे सामान त्या नेलेल्या लोकांच्या घरांतून इथे आलं होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी, हा नाद लागल्यावर कळलं. मी घरी येऊन तिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. "मग? फेकून द्यायचं का आता?" एवढंच म्हणाली आणि घड्या करत राहिली. पण त्या आठवड्यात तिने वरचा कप्पा मोकळा केला. मला वाटलं, कसर लागली असेल. पुढे एकदा माझे कागद ठेवायला जागा नव्हती म्हणून मी ते तिथे ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलावर होते. पुन्हा ठेवले, पुन्हा टेबलावर. आमच्या एवढ्याशा घरात, जिथे पलंगाखालीही पेट्या सरकवाव्या लागतात, तो कप्पा इतकी वर्षं रिकामा आहे. आणि त्या हातभर तुकड्याची रीत मी पुस्तकांतून शोधून काढली, तिला समजावून सांगितली, आणि ती म्हणाली, शहाणी माणसं.

"तो वरचा कप्पा," मी म्हणालो. "कपाटातला. तो तू का रिकामा ठेवतेस?"

"आत्ता आठवलं तुम्हाला?" ती म्हणाली. "कुणाचं तरी कपाट आपण वापरतो. थोडी जागा त्यांची असू दे की." मग, "माझ्यामागे त्यात कागद कोंबू नका."

"नाही कोंबणार."

"आणि आता सिस्टरना जाऊन सांगा. मी नाही सांगणार. मी सांगितलं की त्या मला समजावत बसतील आणि मला दया येईल त्यांची. तुम्ही सांगा. आणि पुरतं सांगा, अर्ध्यात पळून येऊ नका."

काचेच्या खोलीपर्यंतचं अंतर फार नाही. मी कोनाड्याच्या बाजूने गेलो. जवळून पाहिलं तर तो तुकडा दिसत होता. सगळी भिंत कोरडी होती आणि तेवढा चौकोन रंगाखालून अजून ओला, जरासा गडद. मी बोट लावलं. थंड होता, बोटाला पांढरं लागलं. ते मी रुमालाला पुसलं आणि आत गेलो.

सिस्टर काहीतरी लिहीत होत्या. "या काका. आता दुसरी भिंत का?" त्या हसत म्हणाल्या.

"ही सोमवारपासून येणार नाही," मी म्हणालो.

"गावाला निघालात होय? मग आधी सांगायचं ना, तिथल्या सेंटरला मी फोन—"

"नाही, गावाला नाही. ती—"

"कळलं. दुसरीकडे बघताय. जवळ पडत असेल तर काही हरकत नाही हो, मनात काही आणू नका. मी कागद तयार—"

"सिस्टर," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाहेरून टेक्निशियनने वळून पाहिलं. "जरा माझं वाक्य होऊ द्या." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिला मशीन नको आहे. सोमवारी नको, आणि पुढे कधीच नको. इथे नको आणि दुसरीकडेही नको. तिने डॉक्टरांना विचारलेलं आहे, त्याने काय होईल ते तिला ठाऊक आहे, आणि मलाही ठाऊक आहे. ती घरी असेल आणि मी तिच्याजवळ असेन, आणि ती मरेल."

वाक्य संपलं. त्याच्यापुढे सांगायचं काही उरलं नव्हतं, तरी मी उभाच राहिलो, कारण वाक्य संपल्यावर काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. सिस्टरांनी तोंडावर हात धरला होता. मग त्या उठल्या, माझ्याजवळून बाहेर गेल्या आणि बायकोच्या खुर्चीच्या कडेला बसल्या. त्या काहीतरी बोलत होत्या, बायको त्यांच्या हातावर थोपटत होती. भिंतीबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. आता सांगून काय, आणि त्यांनी ते खरोखर प्रेमाने केलं होतं.

मी परत आलो तेव्हा बायकोचे डोळे मिटलेले होते. "सांगितलंत?" तिने विचारलं.

"हो."

"ऐकू आलं मला," ती म्हणाली. मग डोळे न उघडता, "हं. आज कुठलं?"

मी राहिलेल्यांतली एखादी आठवायला लागलो आणि मला एकही आठवेना. म्हणून मी हाच हॉल सांगायला घेतला. बांधला तेव्हाचा, रिकामा, ओल्या चुन्याच्या वासाचा. गवंड्याने सगळ्या भिंती लिंपत आणल्या होत्या आणि त्याला सांगितलं गेलं की एवढं सोड, आणि तो म्हणाला असेल की लोक मला नावं ठेवतील. "ठेवणारच," बायको म्हणाली. मग मिठाच्या गोण्या, मग आरसे, आणि त्या आरशांमधून पुढे जाणारी एक मुलगी, जिने एका कपाटात वास घेतला. कसला वास होता, असं मी विचारलं. "थंड," ती म्हणाली. मग ती बोलली नाही, आणि मशीनने काम संपल्याची सूचना देईपर्यंत मी सांगत राहिलो.

सुया निघाल्या, कापूस दाबला, पट्ट्या लागल्या. ती काट्यावर उभी राहिली. टेक्निशियनने आकडा वाचला, पण या वेळी मान वर केली नाही. "आज बरोबर आहे बरं का तुझा काटा," ती त्याला म्हणाली. दाराशी बाकावर एक नवं जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर कोरी पिशवी, तिचं लेबल अजून काढायचं राहिलेलं. त्याने अर्धवट उठून मला विचारलं, "आत कसं असतं हो?" मी तोंड उघडलं. मागे वळून पाहिलं तर आमची खुर्ची पुसून झाली होती, नवी चादर पसरत होते, आणि समोरचा तो चौकोन कडांकडून वाळत आत सरकला होता. मधे पंजाएवढी ओल राहिली होती. "सांगा त्यांना," बायको माझ्या हाताला धरून उभी राहत म्हणाली, "मी थांबते."

मी त्या माणसाशेजारी बसलो आणि सांगायला लागलो.